कोप कोणी बांधली?

(बेंबळी येथे एका प्राथमिक शिक्षकाच्या स्मरणार्थ भरणाऱ्या व्याख्यानमालेत जिल्हा परिषदेच्या एका निवृत्त शिक्षिकेने दिलेले व्याख्यान)



येळवस होऊन तीन आठवडे झाले. हे व्याख्यान छापून बाहेरगावीही जाणार आहे, म्हणून थोडं सांगते. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्या धाराशिव-लातूरकडं गावात माणूस सापडत नाही, सगळं गाव रानात असतं. पिकाच्या मधोमध कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पांडव मांडायचे, भज्जी, उंडे, आंबील असा नैवेद्य दाखवायचा आणि बांधावरून जाणाऱ्याला हाका मारून जेवू घालायचं.

त्या दिवशी मी भावाच्या शेतात होते. जेवणं झाली. बांधावरच्या बोरीखाली नऊ-दहा मुलं जमली होती, सगळी पहिली ते पाचवीतली. मी सहज विचारलं, "कोप कोणी बांधली रे?" एक म्हणाला, आज्यानं. दुसरी म्हणाली, आमच्या सालगड्यानं. एक पोरगा म्हणाला, "पप्पांनी बांधली, मी फोटो काढला." मग मी विचारलं, "तुमच्यातल्या कोणाला बांधता येईल का?" कोणी बोललं नाही. थोड्या वेळानं मागून एक पोरगी म्हणाली, "बाई, आम्हाला बांधू देतील का?"

मी विचारलं होतं, येईल का. तिनं विचारलं, देतील का. गेले तीन आठवडे मी या दोन शब्दांतलं अंतर मनात घोळवते आहे आणि आज तेच तुमच्यापुढं मांडायला उभी आहे. रानातली कामं म्हणजे आग पेटवणं आणि विझवणं, दोर वळणं, गाठ मारणं, पाणी शोधणं, माग काढणं, आडोसा उभा करणं, वाट दाखवणं. हे सगळं आठ-नऊ वर्षांच्या मुलाला येतं. शिकवलं तर येतं, आणि पुष्कळदा न शिकवताही आलेलं असतं. अडतं ते आपल्या देण्यापाशी.

माझा जन्म १९६५चा. बहात्तरच्या दुष्काळात मी सात वर्षांची होते. आई-वडील खडी फोडायला जायचे, तिथं सुकडी मिळायची आणि घरची चार शेरडं माझ्याकडं असायची. आज उस्मानाबादी शेळी म्हणून जिचं नाव देशभर आहे, ती हीच आपली काळीभोर जात. दुष्काळातही ती जगली, कारण तिला काय खाऊ घालायचं हे माझ्यासारख्या पोरांना कळत होतं. बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला, हिवराचा पाला चालतो. कण्हेरीला तोंड लावू द्यायचं नाही. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली की पायाखाली बघायचं, अंडी जवळच असतात. शेळीच्या गळ्यात दावं बांधायचं ते निरगाठीनं. सुरगाठ मारली की ओढ बसते तशी ती आवळत जाते आणि जनावर फास लागून मरतं. हे मला कोणी शिकवलं? माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या चुलतबहिणीनं. आणि तिला तिच्याहून मोठ्या कोणीतरी.

हे सांगताना माझा ऊर भरून येतो, पण त्या दिवसांचं कौतुक करायला मी आलेले नाही. त्या वर्षी हजेरीपटावर माझ्या नावापुढं गैरहजरीच जास्त होती. जी पोरं माळावर होती ती शाळेत नव्हती. माझ्याबरोबर शेरडं राखणाऱ्या पाच मुलींपैकी शाळेत परत आले ती मी एकटी. ती आले कशी, हेच आजच्या व्याख्यानाचं कारण आहे.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथं जमलोय ते गुरुजी तेव्हा आमच्या गावच्या शाळेवर होते. एका संध्याकाळी ते सायकलवरून माळावर आले. शाळेत का येत नाहीस, असं विचारतील म्हणून मी पळायच्या तयारीत होते. त्यांनी विचारलं, "आज शेरडांना पाणी कुठं पाजलंस?" मी म्हटलं, "ओढ्यात झिरा उकरला." "ओढा तर कोरडा आहे. कुठं उकरायचा हे तुला कसं कळलं?" मग मी त्यांना घेऊन गेले. वळणावर जिथं लव्हाळा अजून हिरवा होता, तिथं वाळू हातानं बाजूला केली. हातभर खाली ओल लागली. थोडा वेळ बसलो आणि खळग्यात पाणी जमलं. गुरुजींनी ते वहीत लिहून घेतलं. मग दप्तरातून पाटी काढली आणि म्हणाले, "मला कळलं. आता हे तू लिही. झिरा." मी लिहिलेला पहिला शब्द तो.

दोन दिवसांनी ते सगळा वर्ग घेऊन ओढ्यावर आले आणि मला म्हणाले, "तू पुढं चाल." वर्गातली तीस पोरं माझ्यामागून चालत होती. त्याआधी शाळेत मी कायम सगळ्यांच्या मागं बसत आलेली. त्या दिवसानंतर मी शाळा सोडली नाही.

पुढं डी.एड. करताना मला कळलं की असं काम महाराष्ट्रात आधीच झालेलं होतं आणि फार मोठ्या हिमतीनं झालेलं होतं. ताराबाई मोडकांचं नाव आपण बालवाडीशी जोडतो. १९२६ साली गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी नूतन बालशिक्षण संघ काढला, हे आम्हाला परीक्षेला यायचं. मला त्यांचं मोठेपण दिसतं ते त्यानंतर. १९४५ साली, पन्नाशी उलटल्यावर, त्या मुंबई सोडून बोर्डीला गेल्या. गरिबांची मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात भरवली. अंगणवाडी हा शब्द तिथला. पुढं १९७५ साली सरकारच्या बालविकास योजनेनं तो उचलला आणि आज तो देशभर बोलला जातो, पण त्याची मुळं एका बाईच्या पायपिटीत आहेत.

नंतर त्या डहाणू तालुक्यात कोसबादच्या टेकडीवर गेल्या. तिथं वारल्यांची मुलं. अंगणातही ती सापडेनात, कारण सकाळ झाली की गुरं घेऊन ती कुरणात जायची. मग शाळा कुरणात गेली. तिचं नावच पडलं कुरणशाळा. गुरं चरतात, मुलं झाडाखाली बसतात, पानं, बिया, खडे मोजतात, गाणी म्हणतात, अक्षरं गिरवतात. या कामात ताराबाईंच्या जोडीला बोर्डीपासून होत्या अनुताई वाघ. लहानपणीच लग्न, लगेच वैधव्य, त्यातून शिकून उभी राहिलेली ही बाई. १९७३ साली ताराबाई गेल्या. त्यांच्यामागं अनुताईंनी १९९२पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरच्या श्वासापर्यंत, कोसबाद सांभाळलं.

कुरणशाळा या शब्दापाशी मी फार थांबते. त्या दोघींना गुराखी पोराला गुरांपासून तोडून बाकावर बसवता आलं असतं, निदान तसा आग्रह तरी धरता आला असता. तेव्हा सगळ्यांना तीच रीत ठाऊक होती. त्यांनी पोराचं रान आहे तसं घेतलं आणि त्यात अक्षर पेरलं. जे मूल गुरांचा कळप सांभाळतं, ते जबाबदारी शिकलेलंच असतं. बाईंनी त्याच्याकडून ती काढून घेतली नाही, एवढं साधं ते काम. साधं म्हणते, पण कोसबादनंतर ती वाट फार थोड्यांनी धरली.

आणि ज्यांच्याकडून ती जबाबदारी काढून घेतली गेली, त्यांची गोष्ट तर आपल्याच जिल्ह्यात आहे. फासेपारधी हे नावच फाशावरून आलं. तितर-लाव्याच्या वाटेवर फासा कुठं लावायचा, कोणता पक्षी कोणत्या वेळी कुठं उतरतो, हे पारध्याच्या लहान पोराला जेवढं ठाऊक असतं तेवढं मला अजून ठाऊक नाही. १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली तो कायदा गेला, तरी शिक्का पुसला गेला नाही. शाळेत पारध्याचं पोरगं बसलं आणि वर्गात पेन हरवलं, तर माना कोणाकडं वळतात हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. तुळजापूर तालुक्यात यमगरवाडीला १९९३ साली भटके-विमुक्तांच्या मुलांसाठी निवासी शाळा उभी राहिली. ज्यांच्या पुढाकारानं ती उभी राहिली त्या गिरीश प्रभुणेंना २०२१ साली पद्मश्री मिळाली. माझ्या दृष्टीनं तिथली मोठी गोष्ट ही, की ज्या मुलाच्या कसबाला बाहेर गुन्हा म्हणतात त्याला तिथं कोणी गुन्हा म्हणत नाही. विदर्भात वाशीमकडं फासेपारधी कुटुंबं आता गवताळ माळांची आणि तणमोरासारख्या पक्ष्यांची राखण करतात. फासा लावायला जी नजर लागायची, तीच नजर पाखरू वाचवायला उपयोगी पडते आहे.

मारुती चितमपल्लींचं नाव इथं घेतलंच पाहिजे. ते शेजारच्या सोलापूरचे. १९३२चा जन्म, आणि गेल्या २०२५च्या जूनमध्ये ते सोलापुरातच गेले. वनखात्यात एवढी वर्षं काढली, एवढी पुस्तकं लिहिली, पण त्यांनी मराठीला जी शब्दांची शिदोरी दिली तिच्यातला मोठा वाटा रानात राहणाऱ्या माणसांच्या तोंडून आलेला. साहेब असून त्यांनी माडिया-गोंडांच्या मागून चालायचं पत्करलं. गुरुजी माझ्या मागून चालले होते, तसंच.

आता तुम्ही म्हणाल, बाई, रान-रान काय म्हणता, आपल्याकडं रान आहेच कुठं? खरं आहे. राज्यात सर्वात कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांत आपला जिल्हा येतो. आपलं मोठं जंगल म्हणजे येडशीचं रामलिंग, आणि ते अभयारण्य आहे अवघं बावीस चौरस किलोमीटरच्या आसपास. मी चौथीत होते तेव्हा गुरुजींनी आम्हाला तिथं नेलं होतं. येडशीहून तेव्हा बार्शी लाईटची छोटी रेल्वे जायची. दरीत उतरताना धावड्याची, खैराची झाडं, खाली देऊळ, माकडं आणि पावसाळा असल्यानं कड्यावरून कोसळणारं पाणी. एवढं हिरवं आपल्या जिल्ह्यात असू शकतं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

त्याच रामलिंगमध्ये २०२४च्या डिसेंबरात वाघ आला. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत, शेतं, रस्ते, रूळ ओलांडत एक तरुण नर आला आणि वनखात्याच्या कॅमेऱ्यात दिसला. आपल्या कित्येक पिढ्यांनी इथं वाघ बघितला नव्हता. त्यानंतरच्या दिवसांत येडशीपासून बार्शीपर्यंत मोठी माणसं मोबाइलवर खरे-खोटे फोटो फिरवत होती. मला वाटत राहिलं, या गावांतल्या चौथीच्या मुलांना चिखलातला ठसा वाचता आला असता तर! कुत्र्याच्या, लांडग्याच्या, तरसाच्या ठशात नख उमटतं. वाघ-बिबट्याचं नख चालताना आत असतं, म्हणून उमटत नाही. एवढं एक ठाऊक असलेलं पोरगं निम्मी घबराट थांबवू शकतं, आणि उरलेल्या निम्म्या वेळी खऱ्या धोक्याची वर्दीही देऊ शकतं.

पण रोजचं शिकायला अभयारण्य लागत नाही. गायरान लागतं, ओढा लागतो, पाणंद लागते. तेवढं आपल्या प्रत्येक गावाला आहे, आणि जे आहे ते झपाट्यानं चाललंय. ज्या गायरानावर मुलांचे पाय रोज पडतात, त्याला गाव सहजासहजी हात लावू देत नाही, हा माझा अनुभव आहे.

मी नोकरीला लागले १९९२ साली, एका वाडीवरच्या शाळेत. पुढच्याच वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि त्या पट्ट्यातली गावं गेली. आमची वाडी वाचली, पण शाळेच्या भिंतीला भेगा पडल्या आणि मुलं छताखाली बसेनात. वाऱ्यानं दार आपटलं तरी रडत बाहेर पळायची. मग कित्येक महिने शाळा लिंबाखाली भरली. ते काही ठरवून केलेलं शिक्षण नव्हतं, भीतीनं आम्हाला बाहेर काढलं होतं. पण मी बघत होते. वर्गात जी मुलं मुकी बसायची ती लिंबाखाली बोलायला लागली. पुढं किती तरी वर्षांनी वाचलं की डेन्मार्कात १९५०च्या दशकापासून लहान मुलांच्या शाळा रानात भरतात, आणि त्या बघायला १९९३ सालीच इंग्लंडातल्या ब्रिजवॉटर गावचे शिक्षक गेले होते. परत येऊन त्यांनी आपल्या देशात तसं सुरू केलं आणि ते तिथं खूप पसरलं. तेच वर्ष. त्यांच्याकडं बीचची झाडं आणि आमच्याकडं भेगाळलेल्या भिंतीपुढचा लिंब.

इमारत दुरुस्त झाल्यावर मी शनिवार मात्र सोडला नाही. सकाळची शाळा, दीड-दोन तास गायरानावर. सुरुवातीला मी पुढं आणि मुलं मागं, म्हणजे सहलच ती. मुलं भांडायची, कंटाळायची, घरी कधी जायचं विचारायची. मग एका शनिवारी माझा पाय मुरगळला म्हणून मी चौथीतल्या एका मुलाला पुढं केलं आणि मागून लंगडत चालले. त्या दिवशी कोणी भांडलं नाही. आपल्यातलाच एक जण पुढं आहे म्हटल्यावर मुलं चालतात वेगळी. बेडन-पॉवेल यांना हे शंभर वर्षांपूर्वी उमगलं होतं. १९१६ साली त्यांनी लहान मुलांसाठी कबची चळवळ काढली, तिची गोष्ट घेतली मोगलीची, म्हणजे आपल्या नागपूरच्या शेजारच्या शिवनीच्या रानातली, आणि सहा-सहा मुलांची टोळी करून तिचा नायक मुलांमधलाच ठेवला. आपल्या शाळांत कब-बुलबुल आहे. गणवेश, सलामी, ध्वज हे सगळं होतं, फक्त त्या नायकाला काही ठरवू दिलं जात नाही.

आमच्याकडं ठरवायचं ते मुलांनीच. आगीचं सांगते, कारण पालक सर्वात जास्त तिला भीत होते. हुरड्याच्या दिवसांत गायरानावर आगटी करायची ठरली. आधी तीन शनिवार नुसतं बोलणं. वारा कुठून येतो, भोवतालचं गवत किती हात साफ करायचं, माती आणि पाणी आधी आणून ठेवायचं. नियम मुलांनी लिहिले. जो पेटवेल तोच विझवेल आणि राखेवर उलटा हात धरून गार झाल्याची खात्री करेल. आगटीजवळ पळायचं नाही. नायक थांब म्हणाला की सगळे थांबतील, बाईसुद्धा. त्या दिवशी नायक होती नऊ वर्षांची एक मुलगी. गोवऱ्यांनी पेट घेतला आणि मी कौतुकानं वाकून बघायला गेले, तर ती मोठ्यानं म्हणाली, "बाई, थांबा! आधी पदर खोचा." मी पदर खोचला. सगळ्या मुलांनी ते बघितलं. नियम सगळ्यांना असतो, हे मला शब्दांत कधी एवढं चांगलं सांगता आलं नसतं.

एकदा मी नायकाचं ऐकलं नाही. जूनचे दिवस होते. पोरगा म्हणाला, "बाई, परतू या. पश्चिमेकडून काळं आलंय आणि वारा पडलाय." मला ओढ्यापलीकडची चंदनाची रोपं दाखवायची होती. मी म्हटलं, दहा मिनिटं. तेवढ्यात आभाळ फाटलं. काळ्या मातीचा चिखल पायाला किलो-किलोनं चिकटत होता आणि ओढा भरून वाहत होता. मी मुलांना एका एकट्या बाभळीखाली घ्यायला निघाले, तर त्याच पोरानं मला अडवलं. विजा चमकत असताना एकट्या झाडाखाली जायचं नाही, हे मीच त्यांना शिकवलं होतं. खोलगट जागी, एकमेकांपासून अंतर ठेवून, पाय जुळवून उकिडवे बसलो. पाणी उतरायला दोन तास लागले. मुलं सुखरूप घरी गेली. संध्याकाळी मी घरोघर जाऊन चूक माझी होती आणि मुलगा बरोबर होता, असं सांगितलं. मला वाटलं होतं, शनिवार बंद होईल. पालकांनी तो बंद केला नाही. आता तर पुण्याच्या एका संस्थेनं काढलेलं दामिनी नावाचं ॲप विजेची आधी सूचना देतं. ते मोबाइलवर जरूर ठेवा, पण पोरगं वारा पडला म्हणालं तर तेही ऐका.

सापाचं विचारतात. आपल्याकडं नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार ओळखता यायला हवेत. पुढच्यानं काठी आपटत चालायचं, दगडाखाली, कडब्याच्या गंजीत, गोवऱ्यांच्या कलवडात आधी हात घालायचा नाही. चावलाच तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, पेशंटला चालवायचं नाही, तडक दवाखाना. हे तिसरीचं मूल पाठ म्हणून दाखवतं आणि घरी आज्याला समजावतं. एवढ्या वर्षांत आमच्या शनिवारी एकालाही साप चावला नाही.

पण एका पालकाच्या प्रश्नानं मला जे गप्प केलं, तसं कशानंच केलं नाही. ते म्हणाले, "बाई, माझ्या बापानं दुसऱ्याची गुरं राखली, मी राखली. पोरीला रानातनं भाईर काढायला म्हणून शाळंत घातली. तुमी तिला परत रानातच नेता व्हय?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. हा माणूस चुकीचं काही बोलत नव्हता. रान ज्याच्या वाट्याला सक्तीनं आलं, त्याला त्याचं प्रेम शिकवायला जाणारी मी कोण? त्या दिवसापासून मी एक पथ्य पाळलं. शनिवारी रानात जे केलं, ते सोमवारी वहीत आलंच पाहिजे. ओढ्याची रुंदी पावलांनी मोजली तर सोमवारी गणित. ठसा बघितला तर त्याचं चित्र आणि चार ओळी. वर्षअखेरीला त्यांच्या मुलीनं गायरानाचा नकाशा काढला. दिशा, प्रमाण, ओढा, तीन वड, टिटवीच्या घरट्याची जागा. तो तिनं ग्रामसभेत उभं राहून समजावून सांगितला. वडील मागं दारात उभे होते. माझ्याशी ते काही बोलले नाहीत. पुढच्या शनिवारी मुलीबरोबर स्वतः आले आणि मुलांना अंबाडीच्या वाखाचा दोर वळून दाखवला.

शेवटी एका मुलीचं सांगायचं राहिलंय. तिचे आई-वडील ऊसतोडीला जायचे. आपल्या भागातली किती कुटुंबं दिवाळीनंतर कोयता घेऊन जातात, हे मी तुम्हाला सांगायला नको. काही मुलं मागं हंगामी वसतिगृहात राहतात, ही आई-बापाबरोबर जायची, कारण धाकट्या भावाला सांभाळायला कोणी नव्हतं. पाडव्याच्या आसपास परत आली की वर्गात सगळ्यांच्या मागं. पाढे विसरलेली, वाचन अडखळत, मान खाली.

त्या वर्षी चौथीची मुलं गायरानावर आडोसा बांधत होती. उन्हाळ्यात पाखरांसाठी पाणी ठेवायचं आणि लपून बघायचं, अशी त्यांची योजना. दोन शनिवार झाले, आडोसा उभा राहत नव्हता. वारा आला की आडवा. ही बाजूला बसून बघत होती. तिसऱ्यांदा पडला तेव्हा ती हळूच म्हणाली, "तोंड वाऱ्याकडं केलंय." मुलं थांबली. मी काही बोलले नाही. नायक होता एक हुशार, पहिल्या नंबरचा मुलगा. त्यानं मला आजही अभिमान वाटावा असं केलं. हातातला दोर तिला दिला आणि म्हणाला, "तू सांग."

तिनं पारंब्यांसारखे चिवट फोक निवडले, कुदळीनं वीतभर खड्डे घेतले, मुळाशी दगड ठोकले, दोन बाजू वाकवून शेंड्याला एकमेकींत अडकवल्या. कोणाला धरायला, कोणाला ओढायला लावलं. गाठी तिनं स्वतः मारल्या. तासाभरात आडोसा उभा. मी विचारलं, "हे कुठं शिकलीस?" ती म्हणाली, "थळावर आमची कोपी मीच आईला बांधू लागते." ऊसतोड्यांच्या पाचटाच्या झोपडीला कोपी म्हणतात, आणि आपण येळवशीला बांधतो ती कोप. शब्द एकच आहे. एक वर्षातून एकदा सणाला बांधायची, दुसरीत सहा महिने राहायचं. एवढी वर्षं मी दोन्ही शब्द वापरत होते, पण ते एकाच घरचे आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

उरलेले सगळे शनिवार नायक तीच. पाढ्यांसाठी तो पहिल्या नंबरचा मुलगा तिच्याशेजारी बसायला लागला. तिला शिकवतो म्हणून नव्हे, त्याला तिच्याकडून गाठ शिकायची होती.

आता सरकारनं शाळांना आनंददायी शनिवार दिलाय. कागदावर जागा झाली आहे. म्हणून गावाकडं माझं मागणं लहान आहे. पुढच्या येळवशीला पाच पेंढ्या कडबा मुलांसाठी बाजूला ठेवा. कोप कुठं घालायची, तोंड कुठं करायचं, हे त्यांना ठरवू द्या. वाकडी झाली तरी पांडव तिच्यातच मांडा. पडली तर पुन्हा बांधतील. पांडवांनी वनवास काढलाय, थोडा वेळ उघड्यावर बसतील. आणि मोठ्यांपैकी एकानं जवळ बसायचं, हाताची घडी घालून. भावाच्या शेतातल्या त्या पोरीला मी सांगून आले आहे, की मी विचारून बघते.